एवढ्या पत्त्यांत कोण हुडकणार? : कोल्हापुरातल्या इंटरनेट पुरवठादारांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि परिसरात फायबर व केबलवरून इंटरनेट पुरवणारे सर्व व्यावसायिक

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी माझ्या स्वतःच्या पुरवठादाराला लिहिलं होतं. दोनदा मेलवर पाठवलं, एकदा ऑफिसात जाऊन हातात दिलं. लेखी उत्तर आलं नाही. काउंटरवर तोंडी मिळालं ते असं : "ताई, आता नवीन आयपी आलाय. त्यात पत्ते इतके आहेत, की तुमचा एक कॅमेरा कोण हुडकत बसणार?" (आयपी म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते द्यायची पद्धत : जुनी आयपीव्ही४, नवी आयपीव्ही६.) हेच वाक्य शिरोली एमआयडीसीतल्या, गोकुळ शिरगावातल्या आणि राजारामपुरीतल्या ओळखीच्या माणसांनाही ऐकवलं गेल्याचं गेल्या दोन महिन्यांत कळलं, तेव्हा हे जाहीरपणे लिहायचं ठरवलं. कुणा एकाचं नाव घेत नाही. ही समजूत आता एका ऑफिसापुरती राहिलेली नाही.

आमचं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. खाली शॉप, वर घर. वडिलांनी एका जुन्या लेथवर सुरू केलं, आज दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं) आहेत, आठ माणसं कामाला आहेत. शॉपमधले संगणक, बिलिंग आणि नेटवर्क मीच बघते. खाली सहा कॅमेरे आहेत, कारण पितळेचा बर (कातताना निघणारा चुरा) आणि तयार जॉब चोरीला जाण्याचा अनुभव आम्ही एकदा घेतलाय. सातवा कॅमेरा वरच्या पॅसेजमध्ये आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी दिवसभर खाली किंवा बाहेर, म्हणून तिच्यावर लक्ष राहावं यासाठी तो फिरता कॅमेरा बसवला. रेकॉर्डर आणि कॅमेरे इंटरनेटच्या जोडणीसोबतच्या पॅकेजमध्ये आले, बसवणाराही पुरवठादाराचाच माणूस.

एका दुपारी मी शिरोलीला जॉब पोचवायला गेले होते. परत आल्यावर आई म्हणाली, "अगं, मघाशी तू बघत होतीस व्हय माझ्याकडं? कॅमेऱ्यानं मान वळवली." मी दिवसभरात ॲप उघडलंच नव्हतं.

रेकॉर्डरची लॉगिनची नोंद काढून बघितली. त्या आठवड्यात चारशेच्या वर चुकलेले प्रयत्न होते आणि दोन बरोबर लागलेले. एक पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी, दुसरा दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे आईनं सांगितलेल्या वेळेलाच. पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवला होता तोच होता. तो मी बदलायला हवा होता, ती चूक माझी आणि मी ती कबूल करते. पण परका माणूस त्या पासवर्डपर्यंत, आमच्या दारापर्यंत आलाच कसा, हा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

उत्तर मला राउटरच्या पानावर मिळालं. आयपीव्ही६ ची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारा, बंद होती. मग आठवलं. चार-पाच महिन्यांपूर्वी मोबाइलवर कॅमेरे दिसत नाहीत अशी मीच तक्रार केली होती. तुम्ही एक जुना आयपीव्ही४ पत्ता कित्येक ग्राहकांत वाटून देता, त्यामुळे बाहेरून आत येता येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुमच्याकडचा कामाचा मुलगा आला, दहा मिनिटं राउटरशी खटपट केली, कॅमेरे दिसायला लागले. आम्ही त्याला चहा पाजला. त्यानं आयपीव्ही६ वरून आत यायचं दार सताड उघडून ठेवलं होतं, एका रेकॉर्डरसाठी नव्हे, घरातल्या प्रत्येक यंत्रासाठी. बिलिंगचा संगणक, प्रिंटर, व्हीएमसीला प्रोग्रॅम पाठवतो तो पीसी, सगळं त्यात आलं.

खात्री करायला मी चौकातल्या चहाच्या गाड्यावर जाऊन उभी राहिले. फोनचं वायफाय बंद केलं आणि मोबाइल डेटावर रेकॉर्डरचा आयपीव्ही६ पत्ता चौकोनी कंसात टाइप केला. दोन सेकंदांत लॉगिनचं पान समोर आलं.

आता "कोण हुडकणार" या वाक्याकडे येते. हे वाक्य निव्वळ थाप आहे असं मी म्हणत नाही. त्यातला खरा भाग आधी मान्य करते.

आयपीव्ही४ चे सगळे मिळून पत्ते ४,२९,४९,६७,२९६. हा आकडा संगणकासाठी किरकोळ आहे. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन आणलं, तेव्हा गिगाबिट जोडणी असलेल्या एकाच मशीनवरून सगळ्या आयपीव्ही४ जगातला एक पोर्ट (यंत्रात शिरायचं एक ठरावीक दार) ४५ मिनिटांच्या आत तपासता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे आंघोळ-जेवण उरकेपर्यंत जगातलं प्रत्येक दार एकदा ठोठावून होतं. २०१६ मध्ये मिराई या किड्यानं, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमनं, हेच केलं. आंधळेपणानं पत्ते ठोकत सुटायचं आणि जिथं कॅमेरा, रेकॉर्डर किंवा राउटर भेटेल तिथं साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून बघायच्या, एवढीच त्याची रीत. त्यावर ऐन भरात सुमारे ६ लाख यंत्रं त्याच्या ताब्यात होती. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांनी डिन या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येकांना उघडेनाशा झाल्या.

आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा. एका घराच्या एका नेटवर्कला साधारणपणे ६४ बिटांची जागा मिळते. म्हणजे एका घरात १८ वर १८ शून्यं, त्याहूनही थोडे जास्त पत्ते. सेकंदाला १० लाख पत्ते ठोकले तरी एका घराचे पत्ते संपायला जवळजवळ ५ लाख ८५ हजार वर्षं लागतील. आंधळं ठोकत फिरणारा किडा इथं उपाशी मरेल. हा फायदा खरा आहे, मोठा आहे आणि तो आपल्याला मिळायलाच हवा.

फक्त त्यासाठी घरातली यंत्रं त्या अफाट जागेत कुठंही, कशीही विखुरलेली असायला हवीत. ती तशी नसतात.

आमच्या रेकॉर्डरच्या मागच्या बाजूला स्टिकर आहे. त्यावर बारा अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातच दिलेली खूण, छापलाय. राउटरवरच्या आयपीव्ही६ पत्त्याचा मागचा अर्धा भाग मी कागदावर लिहिला आणि स्टिकरशेजारी धरला. तीच बारा अक्षरं. मधोमध एफएफ आणि एफई एवढं घुसडलेलं, आणि सुरुवातीचं दुसरं अक्षर बदललेलं. ही पत्ता बनवण्याची जुनी पद्धत आहे. आता हिशोब बघा. स्टिकरवरची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची खूण असतात आणि ती सगळ्यांना माहीत असतात. उरली शेवटची सहा, म्हणजे २४ बिट, म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता. सेकंदाला १० लाख कशाला, हळूहळू एक हजार पत्ते ठोकले तरी पाच तासांच्या आत सगळ्या बघून होतात. पाच लाख वर्षांचे पाच तास होतात, ते या एका स्टिकरमुळं. गल्लीभर एकाच कंपनीचे रेकॉर्डर तुम्हीच पॅकेजमधून बसवलेत, तेव्हा कंपनी कोणती हे हुडकायचीही गरज उरत नाही.

पत्त्याचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे घराची खूण, ती तर लपतच नाही. घरातल्या कुणीही कुठलीही साइट उघडली की त्या साइटला ती कळते. माझा फोन स्वतःच्या पत्त्याचा मागचा भाग रोज बदलतो, पण घराचा भाग तोच राहतो. तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, आम्ही तो भागही अधूनमधून बदलतो. बदला. पण रेकॉर्डरचा मागचा भाग एकदा कुणाच्या वहीत गेला असेल, तर त्याला फक्त तुमचे पुढचे भाग चाळायचे आहेत. पुरवठादाराकडे ३२ चा तुकडा (ज्यातल्या पत्त्यांचे पहिले ३२ बिट सारखे असतात) असेल, तर त्यातली ६४ ची सगळी नेटवर्कं मिळून पुन्हा तेच ४२९ कोटी होतात. झेडमॅपची ४५ मिनिटं आठवा.

आणखी एक वाट आहे. रेकॉर्डरला घड्याळ बरोबर ठेवावं लागतं, म्हणून तो इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला सतत "किती वाजले" असं विचारतो. विचारताना स्वतःचा पत्ता सांगावाच लागतो, नाहीतर उत्तर कुठं येणार? जानेवारी २०१६ मध्ये उघडकीला आलं, की इंटरनेटला जोडलेली यंत्रं हुडकणाऱ्या शोडान या सर्च इंजिननं सार्वजनिक एनटीपी पूलमध्ये (वेळ सांगणाऱ्या सर्व्हरांच्या सामाईक ताफ्यात) स्वतःचे वेळेचे सर्व्हर घातले होते, आणि वेळ विचारणाऱ्या आयपीव्ही६ यंत्रांना ते लगेच उलटं स्कॅन करत होतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या गर्दीत एखादा माणूस सापडणं अवघड, हे खरं. पण तो स्वतःच दर तासाला कुणा अनोळख्याला नाव, पेठ, घर नंबर सांगून वेळ विचारत असेल, तर गर्दीचा काय उपयोग?

हे माझ्या मनातलं नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं २००८ च्या आरएफसी ५१५७ मध्ये (आरएफसी म्हणजे त्यांचे क्रमांकानं निघणारे कागद) मोठ्या पत्त्यांचा स्कॅनिंगवर होणारा परिणाम मांडला, आणि मार्च २०१६ च्या आरएफसी ७७०७ मध्ये तर पत्त्यांतले ठरीव साचे वापरून शोध कसा सोपा होतो हे सविस्तर लिहिलं. एक, दोन, तीन असे शेवटी हातानं दिलेले पत्ते, जुना आयपीव्ही४ पत्ता आत कोंबलेले पत्ते, मॅकवरून बनलेले पत्ते, डीएनएसमधून फुटणारे पत्ते, सगळं त्यात आहे. फेब्रुवारी २०१७ च्या आरएफसी ८०६४ नं तर स्पष्ट सांगितलं, की पत्त्यात यंत्राचा मॅक घालू नका. घराच्या आणि छोट्या ऑफिसच्या राउटरनं दारात साधी सुरक्षा कशी ठेवावी, याच्या शिफारशी जानेवारी २०११ च्या आरएफसी ६०९२ मध्ये आहेत. कागद जुने आहेत, फुकट वाचायला मिळतात.

माझ्या तक्रारी आता एकेक सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी : आयपीव्ही६ सुरू करताना ग्राहकाला सांगितलं जात नाही. इतकी वर्षं घरातली यंत्रं एका सामाईक पत्त्याच्या मागे होती. ती सोय पत्ते वाचवण्यासाठी होती, पण त्या आडोशामुळं बाहेरचा माणूस थेट आत येत नव्हता. लोकांना तीच सुरक्षा वाटत आली. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला जगजाहीर पत्ता मिळतो आणि तो आडोसा जातो. जाऊ दे, पण त्याच्या जागी फायरवॉल उभी आहे की नाही, हे घरमालकाला कळायला नको का? घराची भिंत पाडताना आपण शेजाऱ्यालाही सांगतो.

दुसरी, तक्रार मिटवण्यासाठी फायरवॉल पूर्ण बंद करणं. एका यंत्राचा एक पोर्ट उघडता येतो. त्याला दोन मिनिटं जास्त लागतात. तुमच्या मुलांना ते शिकवलेलं नाही, आणि त्यांना दिवसाला पंधरा तक्रारी मिटवायच्या असतात. मी त्या मुलाला दोष देत नाही.

तिसरी, एका घराला किंवा शॉपला ६४ चा एकच तुकडा देणं. जागेची टंचाई नसताना ही काटकसर कशासाठी? २०११ च्या आरएफसी ६१७७ मध्ये घरगुती ग्राहकालाही एकापेक्षा जास्त नेटवर्कं मिळावीत असं म्हटलंय. ५६ चा तुकडा दिला (आकडा लहान तितका तुकडा मोठा) तर २५६ वेगळी नेटवर्कं होतात. मग मी कॅमेरे एकीकडे, व्हीएमसी दुसरीकडे आणि आईचा टॅब तिसरीकडे ठेवीन. एकाच तुकड्यात सगळं एका खोलीत झोपवावं लागतं, आणि एक यंत्र फुटलं की त्याला बाकीची सगळी दिसतात. नेटवर्कच्या आतल्या माणसाला ५ लाख वर्षं लागत नाहीत. सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता आयपीव्ही६ मध्ये आहे, त्यावर हाक मारली की बरीच यंत्रं आपापला पत्ता सांगून मोकळी होतात.

चौथी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. पूर्वी मी महिन्यातून एकदा आमचं नेटवर्क स्वतः स्कॅन करायचे. २५४ पत्ते, एका मिनिटात कळायचं की कुठलं यंत्र नवीन आलंय, कशाचा पोर्ट उघडा आहे. आता ते जमत नाही. पत्त्यांच्या समुद्रात चोर जसा चाचपडतो, तशीच घरची राखणदारीण चाचपडते. आत कोण आहे ही यादी राउटरच्या शेजारी-यंत्रांच्या तक्त्यात असते, पण तुम्ही दिलेल्या राउटरचं ते पान तुम्ही ग्राहकाला कुलूप लावून ठेवलंय. मला माझ्याच घराची हजेरी घेता येत नाही.

पाचवी, सायंकाळी नेट रखडतं त्याबद्दल. बाहेरून कुणी भरमसाट पत्ते ठोकायला लागलं, की राउटर प्रत्येक पत्त्यासाठी आत "हा कोण, हा कोण" विचारत बसतो. नसलेल्या यंत्रांच्या नोंदींनी त्याची आठवण भरते आणि असलेल्यांना जागा उरत नाही. आरएफसी ६५८३ मध्ये, २०१२ मध्ये, हे लिहिलेलं आहे. चोराला काहीच सापडलं नाही तरी आमचं काम थांबतं. आम्ही तक्रार केली की उत्तर एकच, बंद करून चालू करा.

आणि शेवटची. आमच्या नोंदीतले ते चारशे प्रयत्न जवळजवळ दरवेळी वेगळ्या पत्त्यावरून आले होते, पण पुढचा अर्धा भाग थोड्याच ठिकाणांचा होता. एकेक पत्ता अडवून इथं काही होत नाही, आख्खा तुकडा अडवावा लागतो. मी हे तुमच्या ऑफिसात दाखवलं तेव्हा माझ्यासमोर एक पत्ता काळ्या यादीत टाकला गेला आणि तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला.

मी आयपीव्ही६ च्या विरोधात नाही, हे नीट ध्यानात घ्या. आयपीव्ही४ चा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. आपल्या दूरसंचार विभागानं आयपीव्ही६ कडे जायचा आराखडा त्याआधीच, जुलै २०१० मध्ये काढला होता. जायचं ते इकडेच. म्हणून "मग तुमचं व्ही६ बंद करून टाकतो" हे जे दुसरं उत्तर मला मिळालं, तेही मला नको आहे.

मला पाहिजे ते असं.

प्रत्येक नव्या जोडणीत आयपीव्ही६ ची फायरवॉल सुरू असलेली द्या. ग्राहकानं सांगितल्याशिवाय बाहेरून सुरू झालेली जोडणी आत येता कामा नये. उघडायचंच असेल तर एका यंत्राचा एक पोर्ट, आणि तो उघडल्याचा मेसेज ग्राहकाच्या मोबाइलवर.

आजवर ज्यांच्या फायरवॉल तुमच्या माणसांनी बंद केल्या आहेत, ते सगळे राउटर एका महिन्याच्या आत तपासा. ही तपासणी तुम्हाला ऑफिसात बसून करता येते. ज्यांचं दार उघडं सापडेल त्यांना फोन करून सांगा. लपवून, गुपचूप बंद करू नका. कुणाच्या घरात कुणी डोकावून गेलंय का, हे त्यांना तपासता आलं पाहिजे.

पॅकेजमधून रेकॉर्डर देताना पासवर्ड ग्राहकाच्या हातानं टाकून घ्या, आणि मॅकवरून पत्ता बनवणारं यंत्र घेऊच नका. खरेदी तुम्ही शेकड्यानं करता, तुमचा शब्द विक्रेता ऐकेल. ५६ चा तुकडा मागणाऱ्याला द्या. राउटरमधली यंत्रांची यादी ग्राहकाला बघू द्या.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची आहे आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. कोणता तुकडा कोणत्या दिवशी कोणाकडे होता, ही नोंद त्यात हवीच. माझी तक्रार पुढं कळवली का, हे मी तीनदा विचारलं. त्याचं उत्तर लेखी द्या.

उद्यमनगरातल्या, शिरोलीतल्या कारखानदार मंडळींनाही एक विनंती. गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं आपल्या टेबलावर उघडी असतात आणि वर कॅमेरा असतो. आज सायंकाळी फोनचं वायफाय बंद करून स्वतःचा रेकॉर्डर बाहेरून उघडतोय का, एवढं बघा.

पुरवठादारांपैकी कुणाला हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल, तर मी शनिवारी दुपारी चारनंतर शॉपमध्येच असते. जुना रेकॉर्डर स्टिकरसकट कपाटात ठेवलाय, नोंदीची छापील प्रतही आहे. आमची फायरवॉल आता मीच सुरू केली, पासवर्ड बदलला, रेकॉर्डर नवा घेतला. पॅसेजमधल्या कॅमेऱ्यावर मात्र आईनं उशीचा अभ्रा बांधून ठेवलाय. ती दिवसभर वर एकटी असते, आणि तो काढू द्यायला अजून तयार नाही.

आपली,
एक ग्राहक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर